फाइल समोर दिसतेय, तरी टर्मिनल म्हणतं ‘नाहीच’

गणपती बसले की आमच्याकडे एक ठरलेला फोन येतो. “काका, फाइल समोर दिसतेय. नावही तेच टाकलंय. तरी हे म्हणतंय, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी!”

आम्ही काही मित्र मिळून एक लहानसा दिवाळी अंक काढतो. कथा-कविता ईमेलने येतात, व्हॉट्सॲपवर येतात, पेन ड्राइव्हवरही येतात. अंकाचा संगणक म्हणजे उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती घातलेला एक म्हातारा लॅपटॉप. दरवर्षी कॉलेजातली नवी दोन-तीन मुलं मदतीला येतात आणि फाइली लावायला माउसऐवजी टर्मिनल, म्हणजे कमांड टंकायची खिडकी, वापरा असा माझा हट्ट असतो. म्हणजे हा फोन मीच ओढवून घेतलेला आहे. दर वर्षी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

खाली कमांड बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. एलएस म्हणजे इंग्रजी लहान लिपीतली एल आणि एस ही दोन अक्षरं. बाकीच्या कमांडही अशाच वाचायच्या. मराठी दिसणारी नावं मात्र खरंच मराठीत आहेत.

आधी त्या संदेशाबद्दल. ‘नो सच फाइल’ ही युनिक्स घराण्यातली (लिनक्स त्यातलंच) २ क्रमांकाची चूक. तिचा अर्थ ‘फाइल हरवली’ असा नाही. तुम्ही दिलेलं नाव, अगदी त्याच बाइट्सचं, मी शोधलं त्या जागी नाही, एवढंच यंत्र सांगतंय. म्हणजे एक तर जागा चुकली किंवा नाव चुकलं. निम्म्याहून जास्त फोन जागेवरच मिटतात.

जागा

फाइल व्यवस्थापकात तुम्ही डाउनलोड्स उघडून बसलेले असता. मग कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल उघडता. डोळ्यांसमोर डाउनलोड्स आहे म्हणून टर्मिनलही तिथेच असेल असं वाटतं. तसं नसतं. ते तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये उघडतं. शेजारच्या खिडकीत काय उघडंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणून पहिली कमांड पीडब्ल्यूडी. हे ऐकून पोरं हमखास हसतात, कारण आपल्याकडे पीडब्ल्यूडी म्हटलं की रस्त्यातले खड्डेच आठवतात. इथे ती फक्त ‘तुम्ही सध्या कुठे उभे आहात’ ते छापते. त्यामागून एलएस, म्हणजे तिथे काय काय आहे ते. फाइल त्या यादीत नसेल तर नाव कितीही शुद्ध लिहा, उपयोग नाही. आधी सीडी, म्हणजे फोल्डर बदलायची कमांड, देऊन योग्य जागी जा.

सीडी करताना सुरुवातीला तिरपी रेघ घालायची सवय सोडा. ‘सीडी डाउनलोड्स’ म्हणजे इथून आतलं डाउनलोड्स. ‘सीडी /डाउनलोड्स’ म्हणजे डिस्कच्या अगदी मुळाशी असलेलं डाउनलोड्स, आणि तसं काही तिथे नसतं. ~ हे चिन्ह घराचा पत्ता आहे, पण अवतरणांच्या बाहेर असेल तरच. "~/अंक" असं सगळंच अवतरणात कोंबलं तर यंत्र ~ नावाचंच फोल्डर शोधायला जातं.

यातलं काहीच लक्षात राहत नसेल तर फाइल व्यवस्थापकातली फाइल उचलून टर्मिनलच्या खिडकीत टाका. पूर्ण पत्ता आपोआप लिहून येतो.

नाव: मोकळ्या जागा आणि कंस

आमच्याकडे येणाऱ्या फाइलींची नावं अशी असतात: दुसऱ्या हाताचं घड्याळ.ओडीटी, त्यानंतर दुसऱ्या हाताचं घड्याळ अंतिम.ओडीटी, मग ब्राउझरच्या कृपेने दुसऱ्या हाताचं घड्याळ अंतिम (२).ओडीटी. नावात ‘अंतिम’ असलेली फाइल कधीच अंतिम नसते, हा अनुभव वेगळा.

समजा फाइलीची नक्कल करायला लिहिलं:

सीपी दुसऱ्या हाताचं घड्याळ.ओडीटी जुने/

शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमची कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, दृष्टीने मोकळी जागा म्हणजे शब्द संपला. त्यामुळे सीपीच्या हातात ‘दुसऱ्या’, ‘हाताचं’ आणि ‘घड्याळ.ओडीटी’ अशी तीन नावं पडतात आणि ती तीन वेळा तक्रार करते. एका फाइलीसाठी तीन तक्रारी आल्या की दोष मोकळ्या जागेचा, हे तिथेच ओळखावं. नावाला सरळ अवतरणचिन्हं लावली की प्रश्न मिटतो. कंसवाल्या नावाचं लक्षण वेगळं. तिथे ‘सिंटॅक्स एरर नियर अनएक्सपेक्टेड टोकन’ असं काहीतरी येतं, कारण शेलच्या भाषेत कंसाला स्वतःचा अर्थ आहे. औषध तेच, अवतरण.

एलएसच्या यादीत काही नावांभोवती अवतरणं दिसतात आणि मुलं विचारतात, ही नावात कुणी घातली? कुणीच नाही. एलएस, सीपी वगैरे ज्यात येतात त्या ग्नू कोअरयुटिल्स संचाच्या ८.२५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, एलएस अशी नावं तुम्हाला उचलून चिकटवता यावीत म्हणून अवतरणात दाखवते.

अवतरण सरळच हवं. व्हॉट्सॲपवरून किंवा एखाद्या लेखातून कमांड उचललीत तर तिथलं चिन्ह वळणदार असू शकतं, आणि वळणदार अवतरण शेलच्या लेखी एक सामान्य अक्षर असतं. आखूड रेघेचंही तसंच. शब्दप्रक्रियक ती गुपचूप लांब करतो आणि मग -एल हा पर्याय न राहता फाइलीचं नाव समजला जातो. चिकटवलेली कमांड चालली नाही तर तीच हाताने टंकून पाहा.

टॅब

नाव टंकूच नका. पहिली एक-दोन अक्षरं लिहा आणि टॅब दाबा. नाव एकमेव असेल तर शेल ते पूर्ण भरतो, मोकळ्या जागांची व्यवस्थाही तोच लावतो. अनेक नावं जुळत असतील तर जिथवर सारखी आहेत तिथवर भरून थांबतो. पुन्हा टॅब दाबला की उरलेले पर्याय दाखवतो.

टॅब आळशी माणसासाठी आहे असा समज आहे. मला त्याचा उपयोग निदानासाठी जास्त होतो. टॅब दोनदा दाबूनही काही भरलं नाही आणि पर्यायही आले नाहीत, तर तुम्ही तोवर जे टंकलंय त्यानेच सुरू होणारं काही तिथे नाही. एकेक अक्षर मागे या आणि पुन्हा टॅब दाबा. ज्या अक्षराशी येऊन टॅब जिवंत होतो, त्याच्या पुढचं अक्षर गुन्हेगार.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर टंकणाऱ्यांना यात आणखी एक सोय आहे. मराठी चालू असताना * काढायला शिफ्ट आणि ८ दाबलं की श्र उमटतो, आणि तिरप्या रेघेच्या कळीवर य बसलेला आहे. नाव मराठी, कमांड इंग्रजी, चिन्हं पुन्हा इंग्रजी, अशी भाषा सारखी बदलावी लागते आणि त्यात चुका होतात. दोन मराठी अक्षरं आणि टॅब, एवढ्यावर भागलं तर ती कसरत वाचते.

मोठ्या-लहान लिपीचा घोळ देवनागरीला नाही, हे आपलं सुख. पण नावाच्या शेपटीला तो आहेच. कॅमेऱ्यातून येणारी जेपीजी अनेकदा मोठ्या लिपीत असते आणि लिनक्सच्या नेहमीच्या ext४ फाइलप्रणालीत, म्हणजे ईएक्सटी४ मध्ये, मोठी जेपीजी आणि लहान जेपीजी वेगळ्या. विंडोज आणि मॅक नेहमीच्या मांडणीत दोन्ही एकच मानतात. त्यामुळे तिथून आलेल्या माणसाला हा शुद्ध छळ वाटतो. विंडोज शेपूट लपवतंही. ते लपलेलं असताना फाइलीचं नाव बदलून कुणीतरी हौसेने यादी.टीएक्सटी असं देतं आणि फाइल प्रत्यक्षात यादी.टीएक्सटी.टीएक्सटी होते. आपल्याकडे आली की सगळं उघडं पडतं.

दिसायला एक, आतून दोन

आता खास आपलं दुखणं. इंग्रजी पुस्तकांतून शिकलात तर हे कुणी सांगणार नाही.

‘दुसऱ्या’ टंकायचे किमान दोन रस्ते आहेत. एकात ऱ हे युनिकोड या अक्षरसंचामधलं स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग या. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक न दिसणारा जोडक आणि मग या. पडद्यावर दोन्हींत तोच डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र दिसतो. पण पहिल्या शब्दात ७ चिन्हं आहेत, दुसऱ्यात ८. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून एक शब्द २१ बाइट्सचा आणि दुसरा २४ चा. यंत्रासाठी हे दोन वेगळे शब्द आहेत, राम आणि श्याम जितके वेगळे तितकेच.

लेखकाने एका साधनाने नाव लिहिलं, तुम्ही दुसऱ्याने टंकलंत, की ‘फाइल नाही’. तुमचं शुद्धलेखन निर्दोष आहे, तरीही.

अशा जोड्या बऱ्याच आहेत. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, २००८ साली आलं. त्याआधीची सवय असलेले लोक अ लिहून वर अर्धचंद्र देतात, काही जण मध्ये तो अदृश्य जोडकही घालतात. एका ‘ॲडमिशन’ची अशी तीन रूपं. आ ऐवजी अ आणि काना, ओ ऐवजी अ आणि ओची मात्रा, ही जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या मजकुरात पैशाला पासरी. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेल्या नावात ऱ चे र आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे झालेले असतात.

शंका आली की मोजा. नाव टॅबने भरून किंवा * (कुठल्याही अक्षरांच्या जागी चालणारं चिन्ह) वापरून यादी काढा आणि ती मोजणाऱ्या डब्ल्यूसीकडे द्या:

एलएस दु*घड्याळ.ओडीटी | डब्ल्यूसी -एम

-एम चिन्हं मोजतो, -सी बाइट. मग तुम्ही स्वतः टंकलेलं नाव एको या कमांडने छापून तसंच मोजा. ओळ संपल्याचं एक चिन्ह दोन्हीकडे जास्तीचं धरलं जातं, त्याने फरक पडत नाही. आकडे जुळले नाहीत तर चोर सापडला. आकडे जुळूनही नाव जुळत नसेल, तर डब्ल्यूसीच्या जागी एक्सएक्सडी लावून बाइट शेजारी शेजारी ठेवून वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण खोटं बोलत नाही.

सोडवायचं कसं? आधी * लावून एलएस करा आणि नेमकं एकच नाव येतंय ना ते पाहा. आलं, की वरच्या बाणाची कळ दाबून तीच ओळ परत आणा, एलएस खोडून एमव्ही -एन (एमव्ही नाव बदलते किंवा फाइल हलवते) लिहा आणि शेवटी नवं नाव द्या. ते तुम्ही स्वतः टंकलेलं असल्यामुळे यापुढे सापडेल. -एन आहे म्हणून त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर ती चिरडली जाणार नाही.

गंमत म्हणजे एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब एकाच नावाच्या दोन फाइलीही बसू शकतात. आमच्याकडे एकदा एका कथेचा कच्चा खर्डा आणि सुधारित प्रत अशाच शेजारी शेजारी होत्या, आणि मुद्रितशोधन झालं कच्च्या खर्ड्याचं. अशा वेळी * दोघींनाही पकडतो. मग एलएस -आय द्या. प्रत्येक फाइलीपुढे तिचा आयनोड क्रमांक, म्हणजे डिस्कवरची तिची स्वतःची ओळख, येतो, आणि तो वेगवेगळा असतो. तारीख-आकार एलएस -एलने बघून जुनी कोणती ते ठरवा आणि क्रमांकाने तिला धरा:

फाइंड . -आयनम १३१०८४२ -एक्झेक एमव्ही -एन {} घड्याळ_कच्चे.ओडीटी \;

शेवटची उलटी रेघ आणि अर्धविराम विसरू नका. सगळे विसरतात.

मराठी नावं टर्मिनलमध्ये तुटकी दिसणं हा मात्र वेगळा प्रकार. अनेक टर्मिनलांना जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत, वेलांटी भलत्याच जागी जाते, कर्सर एक घर पुढे पळतो. फाइल ठीक असते, फक्त दाखवणाऱ्याला मराठी येत नाही. आणि नावाच्या जागी ३४० २४४, ३४० २४५ असे आकडे दिसले तर ती आपली देवनागरीच आहे, अष्टमान पद्धतीत उघडी पडलेली. तिथे लँग हे चल, म्हणजे भाषेची मांडणी ठरवणारं मूल्य, यूटीएफ-८ वर नाही, ते बदला.

लोक यावरून सल्ला देतात की फाइलींना मराठी नावं देऊच नका. मला तो पटत नाही. ‘डॉक्युमेंट १७’ मधून कुणाची कविता ओळखायची? आमचा नियम एवढाच, की अंकात दाखल करताना नाव आम्ही पुन्हा टंकतो, सगळे एकाच कळफलकावर, आणि मोकळ्या जागेऐवजी अधोरेघ. नाव लांबवूही नका. ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीची फार तर ८५ चिन्हं, काना-मात्रा धरून. विंडोजची मोजणी वेगळी असल्यामुळे तिथे सुखाने नांदलेलं लांबलचक शीर्षक इथे ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून अडतं.

फाइल खरंच गेली असेल तर

कधी कधी टर्मिनल बरोबर असतं आणि फाइल खरोखर तिथे नसते. त्याचं एक कारण मी स्वतः भोगलंय. अकरा कविता ‘कविता’ फोल्डरमध्ये हलवायच्या होत्या. एकेक वाचत, पसंत पडली की एमव्ही अमुक.ओडीटी कविता, असं करत गेलो. टर्मिनल एकदाही काही बोललं नाही. मीही खूश.

फोल्डर तयार करायचं राहिलं होतं. ‘कविता’ नावाचं फोल्डर नाही, म्हणून पहिल्या एमव्हीने पहिल्या फाइलीचंच नाव बदलून ‘कविता’ केलं. दुसरीने तिच्यावर बसून तिला पुसलं, तिसरीने दुसरीला. शेवटी ‘कविता’ नावाची एकच फाइल उरली आणि तिच्यात अकरावी कविता. बाकीच्या दहांपैकी बहुतेक ईमेलमधून पुन्हा उतरवल्या. एक कवी व्हॉट्सॲपवाले होते, त्यांना फोन करून काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

हे गप्प बसणं युनिक्सच्या रक्तातच आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते सुरू केलं, त्या काळात उत्तर कागदावर छापून येई आणि टेलिटाइप सेकंदाला दहाएक अक्षरं उमटवी. काम झालं तर बोलायचं कशाला, अशी ती वृत्ती. कमांडची नावंही म्हणूनच दोन-दोन अक्षरांची.

तेव्हापासून मी फोल्डरच्या नावाला शेवटी तिरपी रेघ देतो: एमव्ही अमुक.ओडीटी कविता/. मग फोल्डर नसेल तर ती नाव बदलत नाही, सरळ अडून बसते. आणि मुलांच्या लॅपटॉपवर एमव्ही, सीपी आणि पुसून टाकणारी आरएम या तिन्हींना -आय कायमचा जोडून देतो, म्हणजे पुसण्याआधी विचारेल. आरएमने गेलेली फाइल कचरापेटीत जात नाही. कचरापेटी हवी असेल तर उबुंटूवर ‘जीआयओ ट्रॅश’ आणि पुढे नाव. आरएमबरोबर * वापरताना मध्ये चुकून मोकळी जागा पडली, आरएम * .टीएक्सटी, तर आधी सगळं जातं आणि मग ‘.टीएक्सटी नावाची फाइल नाही’ असा संदेश येतो. या लेखातला सगळ्यात वाईट ‘नो सच फाइल’ तोच.

एवढं सगळं बघूनही अडलात तर जरूर फोन करा, पण आधी मला एक फाइल पाठवा. अडलात त्याच फोल्डरमध्ये पीडब्ल्यूडी > यादी.टीएक्सटी द्या, आणि मग एलएस -एल >> यादी.टीएक्सटी. दुसऱ्या वेळी बाण दोन, नाहीतर पहिलं पुसलं जाईल. यादीत यादी.टीएक्सटी स्वतःही दिसेल, त्याला घाबरू नका. खाली तुम्ही टंकलेली कमांड जशीच्या तशी चिकटवा. पडद्याचा फोटो काढून पाठवू नका. फोटोत ऱ कुठला आहे ते मला दिसत नाही.